नको म्हणायचं बटण

पुनमच्या खेळात 'नको' म्हणायचं बटण नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तिच्याबद्दल आमच्या गल्लीत जे काही बोललं जातं, म्हणजे पोरगी हट्टी आहे, पुण्याची नोकरी लाथाडून क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करत बसली आहे, ते सगळं या एका बटणावरून बोललं जातं. बोलणाऱ्यांपैकी एकानेही तो खेळ धड खेळून पाहिलेला नाही. मी पाहिला आहे. मी सौदामिनी, चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. गुडघे गेले, पण अंगठे अजून शाबूत आहेत, आणि मोबाईलवरच्या खेळाला अंगठेच लागतात.

पुनम माझ्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहते. मूळची लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या एका खेड्यातली. वडील श्रीमंतराव आणि आई सिंधुताई, दोघं घरची शेती करतात. पोरीला लातुरात धाडलं ते डॉक्टर करायला. आमच्या शहरात मुलं दुसऱ्या कशाला येतच नाहीत. इथे चहाच्या टपरीवरसुद्धा आधी मार्क विचारतात आणि मग साखर किती ते विचारतात. पुनमला हवे तेवढे मार्क पडले नाहीत. पुढच्या वर्षीही पडले नाहीत. मग तिने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि ज्या क्लासमध्ये डॉक्टर व्हायला आली होती, तिथेच पंचाक्षरी सरांकडे प्रश्नपत्रिका टाइप करायला लागली. नातेवाईक म्हणाले, संपलं. मला भयंकर राग येतो या 'संपलं' म्हणणाऱ्यांचा. विशीतल्या पोरीचं काय संपतं हो? यांची स्वतःची अक्कल केव्हाच संपली, त्याचं कुणी बोलत नाही.

संध्याकाळी क्लासमधून आली की ती जिन्यात लॅपटॉप घेऊन बसायची, कारण माडीवर नेटची रेंज यायची नाही. मला वाटलं, प्रश्नपत्रिकाच करते आहे. एकदा भाजी निवडताना डोकावले तर पडद्यावर ज्वारीचं रान आणि बांधावरून चाललेला एक माणूस.

"हे गं काय?"

"गेम करायले, काकू. येळवसेचा."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. ऐन थंडीत येते आणि त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. दुकानं बंद, रस्ते सुने, सगळे रानात. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले दगडाचे पांडव मांडून पूजा करायची आणि मग जेवायचं. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबट भात, खीर, आणि वर ताकातलं ज्वारीचं आंबील. ते आंबील पोटात गेलं की भल्याभल्यांचे डोळे मिटायला लागतात. आणि बांधावरून जाणारा माणूस ओळखीचा असो की परका, त्याला हाक मारून पानावर बसवायचं. त्याने नाही म्हणायचं नसतं.

पुनमच्या खेळात तुम्ही गावातून निघता. डोक्यावर बिंदगी, म्हणजे आंबिलाचं मातीचं भांडं. दिवस मावळायच्या आत आपल्या रानात पोचायचं. वाटेत शत्रू नाहीत, भुतं नाहीत, बंदुका तर नाहीतच. वाटेत माणसं आहेत आणि ती जेवायला बोलावतात. हाक कानावर आली की जावंच लागतं. जेवलं की चाल मंदावते. आंबील प्यालं की पडदा वरून आणि खालून मिटत येतो, अगदी पापणीसारखा. दोन-तीन रानं झाली की माणूस बांधावर आडवा, बिंदगी लवंडलेली, खेळ खलास.

मी किती वेळा हरले ते विचारू नका. उभ्या ज्वारीतून लपत गेले, तर कुत्रं भुंकलं आणि मालकाने हाक मारली. कालव्याच्या बाजूने लांबून गेले, तर दिवस मावळला. चिडून चिडून पुन्हा खेळत होते. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले, वरणाचा लगदा झाला. शेवटी मीच पुनमला म्हणाले, "अगं, एक 'नको' म्हणायचं बटण दे ना. 'पोट भरलंय' म्हणेन आणि जाईन पुढे."

"काकू, येळवसेला कुनाच्या तोंडावर नको म्हनून पाहा. मंग बोला माझ्यासंगं."

पुढे एकदा रागारागात माझा अंगठा पडद्यावरच्या त्या शेतकऱ्यावरच दाबून राहिला. त्याच्या डोक्याशी एक शब्द उगवला: 'चला'. आणि तो उठला की! मुंडासं झटकून माझ्याबरोबर चालायला लागला. पुढच्या रानात हाक आली, आम्ही दोघं बसलो, आणि पान दोघांत वाटलं गेलं. पोट अर्धंच भरलं. त्या रानातल्या बाईलाही मी 'चला' म्हटलं. मग आणखी दोघांना. खाणारी तोंडं वाढत गेली तसं प्रत्येकाचं पान हलकं होत गेलं, बिंदगी आळीपाळीने डोक्यावर फिरायला लागली, आणि दिवस मावळायच्या आत आमची वरातच्या वरात माझ्या रानात पोचली. मी एवढ्याने ओरडले की शेजारीण धावत आली. तिला वाटलं, जिन्यावरून पडले.

"पुनम, हे तू सांगत का नाहीस कुठे? सुरुवातीला लिहून टाक ना."

"म्या सांगितलं तर ते माझं ऱ्हाईल, काकू. तुमचं तुम्हाला घावलं, आता ते तुमचं हाय."

चांगला खेळ कशाला म्हणायचं ते मला त्या दिवशी कळलं, आणि आता कुणाचं ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. लोक म्हणतात, चित्रं भारी पाहिजेत. मी जन्मभर चित्रकला शिकवली आहे आणि पुनमची चित्रं बेतास बात आहेत हे तिच्या तोंडावर सांगते. तिचे बैल कुत्र्यासारखे दिसतात. तरी हरल्यावर मला त्या खेळाचा राग आला नाही, माझा स्वतःचा आला, आणि म्हणून मी पुन्हा खेळले. वाट पहिल्यापासून तिथेच होती. मलाच माणसं टाळण्याखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं.

नांदेडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात खेळ बनवणाऱ्या पोरांचा मेळावा भरला, तिथे पुनम लॅपटॉप घेऊन गेली. पुण्याच्या एका कंपनीचा गंधार नावाचा तरुण तिथे आला होता. तिच्या टेबलापाशी आला तो उठेचना. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. खेळ त्याला मनापासून आवडला होता. आठवड्याभरात त्याचा फोन आला. कंपनी खेळ घेणार, पुनमला पुण्यात नोकरी देणार, खेळावर तिचं नाव राहणार. बदल फक्त एक. 'नको'चं बटण हवं. पहिल्यांदा जाहिरात बघितली की मिळेल, नंतर पैसे भरून.

पुनम म्हणाली, "बटण न्हाई देता येणार, सर." तो म्हणाला, समक्ष भेटून बोलू. इकडे श्रीमंतरावांनी 'पुणे' आणि 'नोकरी' एवढंच ऐकलं आणि गावभर पेढे वाटून मोकळे झाले. डॉक्टरकीचे पेढे वाटायचे राहून गेले होते, ते सगळे त्यांनी त्या दिवशी वाटले.

गंधारने समक्ष भेटीचा दिवस निवडला तो नेमका येळवसेचा. लातुरात येळवसेला कामासाठी यायचं! पण पुण्याच्या कॅलेंडरला काय कळणार? पुनम त्याला एवढंच म्हणाली, "या की सर, रानातच या." ती आदल्या दिवशीच गावी गेली होती. मला सिंधुताईंचं आमंत्रण होतंच, म्हणून गंधार मला घेऊन त्याच्या गाडीने निघाला. शहरात एक चहाची टपरी उघडी नव्हती. तो काचेतून बघत मला म्हणाला, "मॅडम, इथे काही झालंय का?"

गाडी डांबरीवर ठेवून पुढे पाणंदीने चालत जायचं होतं. पहिली हाक आली. "या की वो पाव्हनं! जेवाया या!" गंधार हसून हात हलवत म्हणाला, "नको, थँक यू, आम्हाला पुढे जायचंय." त्या रानातल्या म्हाताऱ्याने ते ऐकूनच घेतलं नाही. बांध उतरून आला आणि त्याच्या हाताला धरून घेऊन गेला. "आज न्हाई म्हनत न्हाईत, बाबा." गंधारच्या पानावर भज्जीचा डोंगर झाला, तांब्याभर आंबील झालं. दुसऱ्या रानात तेच. तिथे खीरही होती. मी मात्र पहिल्याच रानातल्या आजीबाईंना म्हटलं होतं, "चला माझ्यासोबत, श्रीमंतरावांच्या रानात." त्या उठल्या, त्यांची सून उठली. पुढच्या रानांत माझ्या पानातलं निम्मं त्यांनीच संपवलं. गंधार समोर बसून हे सगळं बघत होता आणि त्याला काहीही दिसत नव्हतं. तिसऱ्या रानात त्याने पट्टा सैल केला. मी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. खेळाचा नियम आहे, सांगायचं नाही.

श्रीमंतराव बांधावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होते. घसा बसला होता. गंधार दिसताच त्यांनी त्याला मिठीच मारली आणि पानावर बसवलं. सिंधुताईंनी वाढलं. तो कसाबसा जेवला आणि तिथेच कोपीत कलंडला. पांडवांशेजारी पुण्याची कंपनी घोरत पडली. पुनम माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली.

उन्हं कलल्यावर तो उठला. तोंडावर पाणी मारलं, बॅगेतून कागद काढले आणि फार प्रामाणिकपणे म्हणाला, "पुनम, आज मला खात्रीच पटली. ते बटण हवंच."

माझा हात कपाळावर गेला.

"आमच्याकडे शंभरेक लोकांनी खेळून बघितलं," तो म्हणाला. "बहुतेकजण तिसऱ्या रानात खेळ बंद करतात. का ते आज मला कळलं. माणूस अडकला की त्याला बाहेर पडायला दार पाहिजे."

"सर, अडकलेला मानूस इकडंतिकडं बगतो," पुनम म्हणाली. "बगितल्याबिगर पुढची वाट घावत न्हाई. तुम्ही दार उघडं ठिवलं तर बगंल कोन?"

"आणि तिथेच सोडून गेला तर?"

"जाऊ द्या. जो ऱ्हाईल त्याच्यासाठी केलाय म्या."

"पुनम, मोठे खेळ असे होत नाहीत. लाखो लोकांपर्यंत न्यायचं तर लोकांना सोपं करून द्यावं लागतं."

"तुम्ही हरले म्हणून नियम बदलून मागता, सर. कबड्डीत असं कुनी केलं तर आमी त्याला गावात खेळू देत न्हाई."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण श्रीमंतराव मधे आले. त्यांना बटणाचं काही कळत नव्हतं. हातात आलेलं सुटतंय एवढं दिसत होतं.

"बाई, येवढंसं बटन हाय. दे की टाकून. म्यां गावात पेढे वाटून बसलो."

"अण्णा, सकाळपस्नं हाका मारून घसा बसला तुमचा. येकाला तरी 'बरं, जा' म्हनले का?"

"ते जेवन हाय गं! ह्यो खेळ हाय. पोरखेळ."

"जेवन मायनं केलंय, खेळ म्या केलाय. दोन्हीकडं नियम येकच." तिने कागद गंधारकडे परत सरकवले. "सही न्हाई करनार म्या."

सिंधुताई उठल्या. त्यांनी गंधारला वाटेसाठी उंडे बांधून दिले. त्याने ते घेतले, पुनमला म्हणाला, विचार बदलला तर फोन करा, आणि गेला. श्रीमंतरावांनी पोरीशी बोलणं टाकलं. परत येताना एसटीत पुनम खिडकीला डोकं टेकून रडली. मी तिला गप्प केलं नाही. एवढी मोठी गोष्ट केल्यावर माणसाला रडायचा हक्क असतो.

दुसऱ्या दिवशी ती क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करायला हजर झाली. महिन्याभराने तिने तो खेळ स्वतःच इंटरनेटवर टाकला. खाली लोकांचे अभिप्राय यायला लागले. 'फालतू गेम, नाही म्हणताच येत नाही.' 'डिलीट मारला.' 'बैल आहेत का कुत्री?' शेवटचा मला पटला. कधी कधी मधेच एखादा लिहायचा, 'सापडलं!!!' एवढंच, आणि काय सापडलं ते सांगायचा नाही. बाकीचे त्याच्या मागे लागायचे, सांग ना भाऊ, सांग ना. तोही सांगायचा नाही. पुनम ते एकेक मला वाचून दाखवायची. पंचाक्षरी सर एकदा तिला म्हणाले, "पुनम, पुण्याला गेली असतीस तर आज कुठे असतीस!" ती म्हणाली, "सर, तिथंबी टायपिंगच केलं असतं. दुसऱ्यांनी सांगितलेलं." सर आपल्या केबिनमध्ये गेले.

बापलेकीचं बोलणं मात्र बंदच होतं. सणावारी ती गावी जायची, ते उठून गोठ्यात जायचे. हेच तिला लागायचं. पुणे गेल्याचं तिला कधी वाईट वाटलेलं मी बघितलं नाही, पण घरून फोन आला की आधी विचारायची, "अण्णा हायत का जवळ?" आणि सिंधुताई म्हणायच्या, "हायत, पर बोलत न्हाईत."

उन्हाळ्यात एकदा तिच्या मोबाईलवर थेट त्यांचाच फोन आला. ती पीठ मळत होती, म्हणून मीच स्पीकर लावून फोन समोर धरला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ प्रश्न.

"ह्यात नको म्हनायचं कुटं हाय?"

पुनमचे हात पिठात तसेच राहिले. गावातल्या कुणाकडून त्यांनी खेळ आपल्या मोबाईलमध्ये घालून घेतला होता. पोरगी कशापायी अडून बसली ते एकदाचं बघायचं होतं म्हणे.

"न्हाई अण्णा. ते न्हाईच त्याच्यात."

"मंग रानात पोचायचं कसं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, आता सांगेल. बाप इतक्या महिन्यांनी बोलतोय, एका शब्दाचं काम, सगळं गोड होऊन जाईल. खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर सांगून टाकलं असतं.

"खेळा, अण्णा," ती म्हणाली.

"बापाला सांगनार न्हाईस?"

"न्हाई."

फोन बंद झाला. तिने पोळ्या केल्या, पण जेवली नाही. पुढे सिंधुताईंकडून कळत राहिलं. हे गृहस्थ गोठ्यात खेळतात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खेळतात, शिव्या देतात, मोबाईल आपटायला जातात आणि पुन्हा उचलतात. मी मनात म्हटलं, येळवसेला अख्ख्या शिवाराला पानावर बसवणारा हा माणूस, याला पहिल्या फटक्यात सुचायला हवं होतं. पण मोबाईल हातात आला की माणसाला फक्त जिंकायचं असतं. तेही माझ्यासारखेच ज्वारीतून लपत चालले होते, कालव्याने लांबून जात होते, आणि हरत होते.

मग पुन्हा फोन आला. पुनम क्लासमधून नुकतीच आली होती, चप्पलसुद्धा काढली नव्हती. आवाज इतका मोठा होता की स्पीकर लावायची गरजच नव्हती.

"संगं घ्यायचं व्हय गं त्यान्ला! 'चला' म्हनायचं! पोचलो की मी! धा-बारा जन घिऊन पोचलो!"

पुनम पायरीवर बसली. "कसं घावलं, अण्णा?"

"तिसऱ्या रानातली ती हाक," ते हळू आवाजात म्हणाले. "माझीच हाय न्हवं ती? कवा भरून घेतलीस गं? मी रोज त्या हाकंपस्नं लपून ऱ्हायलो. माझ्याच हाकंपस्नं. आज आवाज वळकला आन् लाज वाटली. म्हनलं, जावं तरी ह्या बाबाकडं, आन् ह्यालाच घेऊन निगावं."

तोंडावर ओढणी धरून पुनम नुसती मान हलवत होती, जणू ते त्यांना दिसणार होतं.

"ऐकतीस का? तो पुन्याचा सायब आला तर त्याला जेवाया बोलीव," श्रीमंतराव म्हणाले. "बटन मातर दिऊ नको."